पहिली चार मिनिटे समाजाची



२५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. बेटाभोवती पाण्याखाली दडलेले खडक ही या किल्ल्याची पहिली तटबंदी. खडकांमधली वाट ज्याला ठाऊक, त्याला समुद्र रक्षक होता. ज्याला ती ठाऊक नाही, त्याला तोच काळ होता. साडेतीन शतके उलटली तरी हा नियम तसाच आहे. बदलली आहेत ती पाण्यात उतरणारी माणसे. पूर्वी समुद्रावर जात असे तो दर्यावर्दी किंवा मच्छीमार. आज तारकर्ली, देवबाग, चिवला आणि वायरीच्या वाळूवर पुणे, कोल्हापूर, बेळगावची कुटुंबे उतरतात. त्यांतील बहुतेकांनी त्या दिवसापूर्वी वाहते पाणी जवळून पाहिलेलेही नसते.

१५ एप्रिल २०१७ रोजी वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण बुडून मृत्युमुखी पडले. त्याच्या सव्वा वर्ष आधी, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्राने पुण्यातील १४ विद्यार्थ्यांचे प्राण घेतले होते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. प्रत्येक दुर्घटनेनंतर तेच प्रश्न विचारले जातात. फलक होते का? जीवरक्षक होते का? परवाने तपासले होते का? हे प्रश्न योग्यच आहेत आणि शासनाने त्यांची उत्तरे दिलीच पाहिजेत. शेजारच्या गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे. तिच्या तोडीची व्यवस्था सिंधुदुर्गाच्या सुमारे १२० किलोमीटर किनाऱ्याने मागणे मुळीच गैर नाही.

परंतु या प्रश्नांच्या आधी आणखी एक प्रश्न उभा राहतो. माणूस पाण्याबाहेर काढला गेला त्या क्षणी त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय करायचे ते ठाऊक होते का?

प्राणवायू मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी देवबागच्या टोकाला ती चार मिनिटांत पोहोचत नाही. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठायला तर त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे पहिली चार मिनिटे डॉक्टरांची नसतात आणि शासनाचीही नसतात. जो शेजारी उभा आहे, त्याची ती असतात. समाजाने या चार मिनिटांची जबाबदारी उचलायची की नाही, एवढाच आजचा विषय आहे.

शांत पाण्याचा धोका

प्रथम पाण्याविषयी. लाटा किनाऱ्यावर पाणी लोटतात आणि ते पाणी कुठून तरी परत जातेच. कित्येकदा ते वाळूच्या दोन दांड्यांमधील अरुंद खोलगट वाटेने वेगाने समुद्राकडे धावते. या परतीच्या प्रवाहाच्या जागी लाटा फुटत नाहीत. त्यामुळे आजूबाजूला फेस उसळत असताना तेवढाच पट्टा शांत दिसतो. पाहुण्याला वाटते, लेकरांना घेऊन उतरायला हीच जागा बरी! कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, त्या देवबागच्या संगमावर तर नदीचा ओघ आणि भरती-ओहोटीची ओढ एकत्र येते.

हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, दूर नेतो. प्राण जातो तो बहुधा त्याच्या विरुद्ध, थेट किनाऱ्याकडे पोहण्याच्या अट्टहासाने. प्रवाह जोरदार असेल, तर पट्टीचा पोहणाराही काही क्षणांत थकतो. म्हणून त्यात सापडलेल्याने घाबरून हातपाय झाडू नयेत. पाठीवर तरंगावे, हात उंचावून मदत मागावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्याबाहेर यावे.

बुडणारा माणूस ‘वाचवा, वाचवा’ असे ओरडतो, ही चित्रपटांनी करून दिलेली समजूत आहे. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी प्रत्यक्ष बुडणाऱ्यांचे चित्रण करून अभ्यास केला, तेव्हा चित्र निराळेच दिसले. तोंड क्षणभर पाण्यावर येते, ते श्वासालाही पुरत नाही. मग हाक कुठून येणार? हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभे असते. ही धडपड सुमारे वीस ते साठ सेकंदांत संपते. म्हणून पाण्यात मुले असताना त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्याच्या हातात भ्रमणध्वनी नसावा. खेळणारे मूल एकाएकी गप्प झाले, तर तीच धोक्याची सूचना समजावी.

आधी दोर, शेवटी उडी

बुडणाऱ्याला पाहून पहिली ऊर्मी येते ती उडी घेण्याची. ही ऊर्मी उदात्त आहे, पण ती एका मृत्यूचे दोन मृत्यू करते. बुडणारा माणूस आपला आणि परका ओळखत नाही. हाती येईल त्याला कवटाळून तो खाली दाबतो. पोहता येणे आणि वाचवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

जगभर शिकवला जाणारा क्रम साधा आहे. प्रथम काठावर आडवे पडून काठी, बांबू किंवा वल्हे पुढे करावे. ते पुरत नसेल, तर तरंगणारे काहीतरी फेकावे. दोर बांधलेला टायर असेल, घट्ट झाकण लावलेला रिकामा कॅन असेल किंवा अगदी फुटबॉलही चालेल. तेही शक्य नसेल, तर होडी न्यावी. पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी. तेही ज्याने ते शिकले आहे त्यानेच आणि हाती तरंगते साधन घेऊनच.

२०२० साली तामिळनाडूच्या पेरांबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणाजवळ काही तरुण बुडू लागले. तिथे असलेल्या तीन महिलांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून बाहेर काढले. त्यांच्याजवळ कोणतेही साधन नव्हते. होते ते प्रसंगावधान. लज्जेपेक्षा प्राण मोठा, हा निर्णय त्यांनी एका क्षणात घेतला. राज्य शासनाने पुढे त्यांचा गौरव केला.

श्वास आधी

आता त्या चार मिनिटांकडे वळू. माणूस बाहेर आला आहे आणि भोवती गर्दी जमली आहे. कोणी पोट दाबतो, कोणी पायांना धरून उलटे टांगतो, कोणी खांद्यावर घेऊन गरगर फिरवतो. यात वेळ जातो आणि पोटातले पाणी व अन्न उलटून श्वासनलिकेत शिरण्याचे भय वाढते. हा अडाणीपणा केवळ आपल्याच समाजाचा, असे मानून खंतावण्याचे कारण नाही. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे संस्था स्थापन झाली. त्या काळी युरोपातले जाणते लोकही बुडालेल्याला पिंपावर लोळवत आणि त्याच्या गुदद्वारातून तंबाखूचा धूर फुंकत! आजची पद्धत शोधायला १९६० साल उजाडावे लागले. तोंडाने श्वास देण्याची परिणामकारकता पीटर सफार आणि जेम्स इलाम यांनी १९५० च्या दशकात सिद्ध केली होती. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत मांडली. या दोहोंच्या संयोगातून सीपीआर, म्हणजे हृदय-श्वसन पुनरुज्जीवन, आकारास आले.

तिची रीत अशी. माणसाला कठीण, सपाट जागी उताणे निजवावे. खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल, तर एकाला नाव घेऊन किंवा बोट दाखवून १०८ क्रमांकावर दूरध्वनी करायला सांगावे. ‘कोणीतरी करा’ म्हटले की कोणीच करत नाही. दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ न दवडता श्वास पाहावा. अधूनमधून येणारी आचक्यासारखी धाप म्हणजे श्वास नव्हे.

हृदयविकाराने कोसळलेल्या माणसाच्या रक्तात थोडा प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून तिथे छाती दाबण्यापासून आरंभ करतात. बुडालेल्याचे तसे नाही. त्याचे हृदय थांबते ते श्वास कोंडल्यामुळे. म्हणून त्याला आधी श्वास द्यावा लागतो. कपाळ मागे झुकवून हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरावे, तोंडावर तोंड घट्ट ठेवून छाती वर येईल इतकाच श्वास फुंकावा. युरोपीय पद्धतीत असे पाच श्वास देतात, अमेरिकी पद्धतीत दोन. जी शिकवली गेली असेल, ती वापरावी. तोंडातून फेस येत असेल तर तो पुसत बसू नये. उलटी झाली तर मात्र कुशीवर वळवून तोंड स्वच्छ करावे.

त्यानंतर छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपरे ताठ करून, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली दाबावी. लहान मुलांत छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश इतकी. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. दोन मिनिटांत दमणूक होते, म्हणून माणूस बदलावा. वैद्यकीय मदत हाती घेईपर्यंत किंवा माणूस श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नये. श्वास देण्याचे प्रशिक्षण नसेल, तर निदान छाती दाबावी. हात बांधून उभे राहण्यापेक्षा ते शतपटीने बरे. शुद्धीवर आलेल्यालाही ओले कपडे काढून उबेत ठेवावे आणि खोकला किंवा धाप असेल तर रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही बळावू शकतो.

खेळणी करणाऱ्याची देणगी

ही विद्या केवळ ऐकून येत नाही, हातांना शिकवावी लागते. त्यासाठी जगभर जो पुतळा वापरतात, त्याची कथा उद्बोधक आहे. नॉर्वेतील स्टाव्हांगरचे आस्मुंड लेर्डाल हे खेळणी बनवणारे उद्योजक. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा एकदा बुडता बुडता वाचला. वडिलांनीच त्याला पाण्यातून काढून त्याचा श्वासमार्ग मोकळा केला. पुढे डॉक्टरांनी सरावासाठी पुतळ्याची कल्पना मांडली, तेव्हा मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या घडवणाऱ्या या माणसाने ती आपली मानली आणि १९६० मध्ये ‘रेसुसी ॲन’ ही मानवी आकाराची बाहुली सिद्ध केली. आपल्या व्यवसायाचे कौशल्य समाजाच्या प्राणरक्षणासाठी वळवणे यालाच सेवा म्हणतात.

घरोघरी, वस्तीवस्तीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. एक ते चार वर्षांच्या बालकांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे चौथ्या क्रमांकावर आहे. भारतात नोंदवलेले असे मृत्यू २०२२ मध्ये ३५ हजारांहून अधिक होते. हे सारे समुद्रात घडत नाही. कठडा नसलेली विहीर, शेततळे, पावसाळ्यातला ओढा, गणेश विसर्जनाचा घाट हीदेखील मृत्यूची ठिकाणे आहेत. म्हणून हा विषय जितका मालवणचा, तितकाच सोलापूरचा आणि नागपूरचाही आहे.

सिंधुदुर्गाजवळ या कामासाठी दोन प्रकारचे धन आहे. एक पिढ्यान्‌पिढ्यांचे: गाबीत आणि इतर मच्छीमार बांधवांना पाण्याचा रंग पाहून प्रवाह कळतो, उधाणाची तिथी तोंडपाठ असते. दुसरे नवे: तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे, जिल्ह्यात डॉक्टर आणि परिचारिका आहेत. पण मच्छीमाराला सीपीआर शिकवलेले नसते आणि डॉक्टरला प्रवाह वाचता येत नाही. या दोघांना एका मैदानात आणणे, हेच संघटनेचे काम. एक पुतळा, एक प्रशिक्षक आणि दोन तास एवढ्यावर वस्तीतील वीस-पंचवीस जण तयार होतात. त्यांत होडीवाला असावा, खानावळ चालवणारी ताई असावी, शाळेतला शिक्षक असावा, दहावीतला मुलगा-मुलगी असावीत. किनाऱ्यावरच्या प्रत्येक टपरीत एक दोर आणि दोन रिकामे कॅन टांगलेले असावेत. किनाऱ्यावर सहल नेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी निघण्यापूर्वी स्थानिकांना विचारावे आणि त्यांचा ‘नको’ हा शब्द अखेरचा मानावा.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सीपीआरचा सराव सुटला, की काही महिन्यांतच हात ते विसरू लागतात. एकदा प्रमाणपत्र घेऊन भिंतीवर लावले म्हणजे कार्य संपले, असे नाही. व्यायामाप्रमाणे याचीही नित्य उजळणी हवी. नारळी पौर्णिमेपूर्वी एकदा, म्हणजे लगेच येणाऱ्या गणेश विसर्जनाचीही सिद्धता होईल. आणि शिमग्यानंतर, मे महिन्याच्या गर्दीपूर्वी दुसऱ्यांदा. मालवणच्या प्रत्येक वाडीने एवढे दोन दिवस ठरवून घेतले, तर किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्याच्या शेजारी पहिल्या चार मिनिटांत उभा असलेला माणूस केवळ बघ्या राहणार नाही.