हात उचलण्याआधी, आणि आपल्यावर हात उचलला गेल्यावर



आपल्या सभेत भाषण म्हटलं की 1956, महाजन आयोग आणि सुप्रीम कोर्टातला 2004 चा दावा हे येतंच. यायलाच पाहिजे. पण तो दावा महाराष्ट्र सरकारनं लावलेला आहे. त्यात तुम्ही-मी पक्षकार नाही, तारखेची वाट बघणारे आहोत. आज मी ज्या कायद्याबद्दल बोलणार आहे, त्यात मात्र पक्षकार आपणच असतो. कधी दावा लावणारे म्हणून, कधी ज्याच्यावर दावा लागतो ते म्हणून.

या कायद्याला इंग्रजीत टॉर्ट म्हणतात, मराठीत अपकृत्य. मी राज्यशास्त्र शिकते, वकील नाही. कुणाची केस चालू असेल तर त्यानं वकिलाकडेच जावं. पण निदान वकिलाला काय विचारायचं हे तरी आपल्याला कळलं पाहिजे.

समजा, कुणीतरी तुमच्या थोबाडीत मारली. तो गुन्हा आहे, पोलिसांत तक्रार होते, खटला सरकार चालवतं आणि तुम्ही त्यात साक्षीदार असता. तीच थोबाडीत अपकृत्यही आहे. त्यासाठी तुम्ही स्वतः दिवाणी कोर्टात दावा लावून नुकसानभरपाई मागू शकता. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत कुणाची बाजू जास्त संभवनीय आहे एवढं बघतात. त्यामुळे फौजदारीत सुटलेला माणूस दिवाणीत हरू शकतो.

यातली काही अपकृत्यं निष्काळजीपणातून होतात, काही हेतुपुरस्सर. हेतुपुरस्सर म्हणजे मनात वैर असलंच पाहिजे असं नाही. कृती मुद्दाम केली एवढं पुरे. "गंमत केली हो" हा बचाव नाही. "भाषेवरच्या प्रेमापोटी केलं" हाही नाही.

अशी तीन अपकृत्यं आपल्या रोजच्या आंदोलनांशी येऊन भिडतात.

पहिलं, अंगावर धावून जाणं. आपला हा कायदा एका पुस्तकात लिहिलेला नाही. तो बराचसा इंग्लंडच्या कोर्टांच्या निकालांतून आलाय, म्हणून जुनी उदाहरणं तिकडची. 1830 साली तिथल्या एका गावसभेत एक जण आरडाओरडा करायला लागला. त्याला बाहेर काढायचं ठरलं, तर हा मूठ वळून अध्यक्षांवर धावला. मधल्या माणसानं त्याला अडवलं, मूठ लागलीच नाही. तरी कोर्टानं ते अपकृत्य धरलं. भरपाई एकच शिलिंग, पण तत्त्व कायम राहिलं. मार बसायची वाजवी भीती निर्माण केली की झालं. आपल्या ग्रामसभा आठवा. तिथं किती मुठी वळतात!

दुसरं, नको असलेला स्पर्श. इथं जखम व्हायला लागत नाही. 1704 सालच्या एका निकालात म्हटलंय की रागानं केलेला अगदी हलका स्पर्शसुद्धा पुरेसा आहे. 2025 च्या फेब्रुवारीत बेळगाव तालुक्यात भाषेच्या वादातून कर्नाटकच्या बसच्या कंडक्टरला मारहाण झाल्याची तक्रार झाली. त्याच्याविरुद्धही तक्रार झाली. मग तिकडं चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटी चालकाच्या तोंडाला काळं फासलं आणि दोन्ही राज्यांतली बससेवा विस्कळीत झाली. बेळगावात नेमकं काय घडलं ते कोर्ट ठरवेल. मला एवढंच सांगायचंय की काळं फासताना रक्त येत नाही, पण अपकृत्य पूर्ण होतं. कारण कायदा इथं कातडी नाही, माणसाची इज्जत राखतोय. त्या चालकाची राखतो, तशीच कंडक्टरची आणि तुमची-माझीही.

तिसरं, अडवून ठेवणं. लंडनच्या हॅमरस्मिथ पुलाचा एक खटला आहे, 1845 चा. पुलाचा काही भाग होड्यांच्या शर्यती बघायला बंद केला होता. एक जण हट्टानं आत शिरला. त्याला पुढं जाऊ दिलं नाही, मागं फिरायला मोकळीक होती. कोर्ट म्हणालं, एक वाट बंद केली म्हणजे कैद नव्हे, चारी बाजूंनी अडवलं तर कैद. पण यावर रास्ता रोको बिनधोक समजू नका. आपल्याकडं हक्काच्या वाटेनं जाणाऱ्याला एका बाजूनं मुद्दाम अडवणं हासुद्धा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 126.

आणि घेराव? मराठीत कागद द्या म्हणून अधिकाऱ्याला त्याच्याच खोलीत कोंडून बसणं? याचं उत्तर आपल्याच देशात मिळालंय. 1967 मध्ये बंगालमध्ये कामगारांच्या घेरावांत पोलिसांनी परस्पर पडू नये अशी परिपत्रकं सरकारनंच काढली होती. पुढं कलकत्ता हायकोर्टानं ती रद्द केली. माणसाला कोंडून ठेवणारा घेराव बेकायदा ठरला. मागणी न्याय्य आहे का, हा प्रश्न तिथं कामाला येत नाही.

आता बचावाकडं येते. अपकृत्य केलं असं दिसत असूनही माणूस कधी सुटतो?

एक, संमती. कुस्तीच्या फडात धोबीपछाड बसला म्हणून कुणी दावा लावत नाही, कारण लंगोट बांधून उतरणं हीच संमती. पण संमती त्या डावापुरती, त्या नियमांपुरती. कुस्ती संपल्यावर मांडवाबाहेर मारलेला ठोसा तिच्यात बसत नाही. मोर्चात सामील होणं ही लाठी खायची संमती नाही, तसंच बंदोबस्ताला उभं राहणं ही दगड खायची संमती नाही.

दोन, स्वतःचा बचाव. हा हक्क भक्कम आहे. न्याय संहितेत 34 ते 44 अशी अकरा कलमं त्यालाच दिलीत. पण त्याला माप आहे. धोका समोर असेपर्यंतच, आणि धोका टाळायला लागेल तेवढंच. समोरचा पळाला, तुम्ही चार पोरं गोळा करून त्याच्या गल्लीत गेलात, तर तो बचाव नाही, सूड आहे. आणखी एक गोष्ट मोर्चाला जाणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावी. पोलीस आपल्या पदाच्या नात्यानं सद्‌भावनेनं काही करत असेल, तर त्याच्या कृतीत थोडी कायदेशीर चूक असली तरी त्याच्यावर हात टाकायचा हक्क नाही. जीव जायची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच तो उरतो. हे कलम 37. धक्क्याला धक्का दिलात तर कायद्याच्या नजरेत तुम्हीच पहिले.

तीन, मालमत्तेचा बचाव. यालाही माप आहे. 1964 मध्ये छापलेला सुप्रीम कोर्टाचा बिहारचा एक निकाल आहे. शेजारची माणसं आपला संडास वापरतात म्हणून एकानं वाटेत उघडी विजेची तार लावली. एक बाई मेली. बचाव काय, तर ती परवानगीशिवाय आत आली होती. कोर्टानं मानलं नाही. आगंतुक झाला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. उसाच्या बांधाला करंट सोडणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आणि जो आपल्याला हक्काचा बचाव वाटतो, पण तसा नाही, तो म्हणजे चिथावणी. "त्यानं भाषेवरून शिवी दिली, म्हणून मारलं." दिवाणी कोर्टात यानं भरपाई कमी होऊ शकेल, जबाबदारी टळत नाही. मला हा आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. शिवी देणाऱ्याला आपली थोबाडीत हवीच असते. ती मिळाली की खटला भाषेचा राहत नाही, थोबाडीचा होतो. मग आपला पोरगा पासपोर्टच्या अर्जात आणि नोकरीच्या फॉर्ममध्ये गुन्ह्याचा रकाना भरत बसतो, आणि मराठी पाटीचा प्रश्न होता तिथंच राहतो.

तुम्ही म्हणाल, सगळं आम्हालाच सांगतीस, सरकारचं काय? तेही सांगते, कारण हाच कायदा तिकडंही वळतो.

पोलिसांचा बचाव म्हणजे कायद्यानं दिलेला अधिकार. कायदेशीर अटक ही कैद असली तरी अपकृत्य नाही. पण तो अधिकारही मोजून दिलेला आहे. गुन्हा रोखायचा म्हणून ताब्यात घेतलं तरी चोवीस तासांत सोडायचं किंवा मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं. अधिवेशन आणि मेळावा जवळ आला की धरपकड होते, हे आपल्याला नवीन नाही. म्हणून भीमसिंग यांची केस लक्षात ठेवा. हे जम्मू-काश्मीरचे आमदार. सप्टेंबर 1985 मध्ये ते अधिवेशनासाठी श्रीनगरला निघाले असताना वाटेतच त्यांना अटक झाली आणि अधिवेशन हुकलं. सुप्रीम कोर्टानं ही अटक बेकायदा ठरवून सरकारला 50,000 रुपये भरपाई द्यायला लावली. त्याआधी 1983 मध्ये, यशवंत चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, निर्दोष सुटूनही 14 वर्षं तुरुंगात ठेवलेल्या रुदुल साह यांना कोर्टानं 30,000 रुपये देववले. ती रक्कम अंतरिम होती, म्हणजे वेगळा दावा लावायची वाट उघडी ठेवून.

1993 मध्ये ओडिशाच्या नीलाबती बेहेरा या आईनं आपल्या मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिल्याच्या प्रकरणात निकाल आला. भरपाई 1,50,000 रुपये. आणि कोर्टानं स्पष्ट केलं की मूलभूत हक्क मोडला असेल तेव्हा "आम्ही सार्वभौम सरकार आहोत" हा बचाव चालत नाही. त्या आईकडं संघटना नव्हती. एक पत्र होतं.

तेव्हा आपल्यावर अन्याय झाला तर काय करायचं? त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून दाखला घ्या. तारीख, वेळ, जागा आणि बघणाऱ्यांची नावं लिहून ठेवा. व्हिडिओ कापून स्टेटसला टाकू नका, मूळ फाईल जपा. अटक झाली तर अटकेचा पंचनामा मागा, घरच्यांना कळवायला लावा. डी. के. बसू यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे बंधनकारक केलंय. आणि मुदत विसरू नका. बेकायदा कैदेबद्दल भरपाईचा दावा सुटल्यापासून एका वर्षात लावावा लागतो. खोट्या खटल्याबद्दलचा दावाही, निर्दोष सुटल्यापासून एका वर्षातच. आपण वर्षभर निषेध करतो आणि मुदत निघून जाते. अर्ज कोणत्या भाषेत करायचा म्हणाल, तर अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडायला राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा चालते, राज्यघटनेचं कलम 350. म्हणजे मराठीत.

कोर्टाला वेळ लागतो, खर्च येतो, हे मला माहीत आहे. सीमाभागातल्या माणसाला कोर्टाच्या तारखा कुणी शिकवायला नकोत. पण दावा नाही लावला तरी ही मापं डोक्यात असली की चौकात उभं राहणं बदलतं. घोषणा देणं आपला हक्क आहे, बसून राहणं आहे, काळी फीत बांधून शांतपणे चालणं आहे. कुणाच्या अंगाला हात लावणं नाही. आणि आपल्या अंगाला कुणी लावला, तर त्याचा हिशेब मागायची जागा आहे.

पुढच्या मोर्चाला निघताना गटात दोघांनी एवढंच काम घ्यावं. एकानं वही-पेन घेऊन वेळ आणि नावं टिपायची, दुसऱ्यानं आपल्यातल्या तापट पोराच्या शेजारून हलायचं नाही. दोन्ही कामं सारख्याच महत्त्वाची.

जय महाराष्ट्र.