चूक सापडली, आता पुढे काय?

(ज्येष्ठ सदस्यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

जानेवारीत आपल्याकडे तिळगुळाबरोबर टॅक्स रिटर्नचा विषय निघतो. ३१ जानेवारीची मुदत आता सर्वांना पाठ आहे. मी आज बोलणार आहे ते रिटर्न भरून झाल्यानंतरचं. रिटर्न गेलं, जीव भांड्यात पडला, आणि मार्चमध्ये कपाट आवरताना भारतातल्या बँकेचा एक कागद हाती लागला. त्यावरचं व्याज दाखवायचं राहिलेलं. रक्कम किरकोळ. मग काय करायचं?

समजा, एक आजोबा आहेत. पेन्शन आणि घरभाडं मिळून वर्षाचं उत्पन्न २४,००० पौंड. इथल्या बँकेचं ९०० पौंड व्याज त्यांनी दाखवलं. भारतातल्या एनआरई ठेवीचं व्याज ३०० पौंडांएवढं होतं, ते दाखवलं नाही, कारण बँकेने सांगितलं होतं की ते करमुक्त आहे. बँक खोटं बोलली नाही. ते करमुक्त आहे, पण भारतात. इथे राहणाऱ्याला भारतातलं व्याजही इथल्या हिशेबात धरावं लागतं. बेसिक रेटने कर भरणाऱ्याला १,००० पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर लागत नाही. आजोबांचं व्याज झालं १,२००. वरच्या २०० पौंडांवर २० टक्के, म्हणजे ४० पौंड.

आता घरात चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, "बाबा, चाळीस पौंडांसाठी कोण बघतंय?" आजी म्हणतात, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण होऊन कळवलंत तर मागची सगळी वर्षं उकरून काढतील." ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दारात एचएमआरसीचं तपकिरी पाकीट पडलं की आपल्यातल्या अनेकांची झोप उडते. एकट्या राहणाऱ्या माणसाला तर ते पाकीट उघडायलाही धीर लागतो.

म्हणून कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. चुकांवरच्या दंडाचे नियम २००७ च्या फायनान्स अॅक्टमध्ये आहेत. पुरेशी काळजी घेऊनही झालेल्या चुकीला दंड नाही. निष्काळजीपणाच्या चुकीला सर्वसाधारणपणे बुडालेल्या कराच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातलं उत्पन्न असेल तर तो वाढू शकतो. पण विचारणा होण्याआधी आपण होऊन सांगितलं, तर निष्काळजीपणाचा दंड शून्यापर्यंतही उतरू शकतो. भरायचा राहतो तो कर आणि त्यावरचं व्याज.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती नीट लक्षात ठेवावी. रिटर्न भरताना चूक अगदी निरागस असली, तरी ती नंतर लक्षात आल्यावर आपण कळवण्यासाठी काही केलं नाही, तर ती निष्काळजीपणाची चूक धरली जाते. म्हणजे कागदावरचे ४० पौंड तेवढेच राहतात, पण कागद परत कपाटात गेला की चुकीची जात बदलते. मूठ झाकलेली राहील हा भरवसाही आता उरलेला नाही. २०१७ पासून भारत आणि ब्रिटन बँक खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात.

पण केवळ पकडले जाऊ म्हणून दुरुस्ती करा, असं मी म्हणणार नाही. संत एकनाथ महाराजांची कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबाचं काम नाथांकडे होतं. एका पैचा मेळ बसेना, म्हणून ते रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, अशी ती कथा. कीर्तनकार पुढे स्वामींचा बोध सांगतात. मला मात्र ती टाळी महत्त्वाची वाटते. चूक सापडली की आपला चेहरा उतरतो. नाथांना आनंद झाला. सापडलेली चूक दुरुस्त करता येते. न सापडलेलीचं काहीच करता येत नाही.

आजोबांनी मग करायचं काय? रिटर्नच्या मुदतीनंतर १२ महिन्यांपर्यंत ते दुरुस्त करता येतं. २०२४-२५ च्या रिटर्नसाठी ही मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. ऑनलाइन भरलं असेल तर भरल्यापासून ७२ तासांनंतर आपल्याच खात्यात जाऊन आकडा बदलता येतो. कागदावर भरलं असेल तर दुरुस्त पानं पाठवायची. मुदत उलटली असेल तर एचएमआरसीला कळवावं लागतं. मागच्या वर्षांतही तेच व्याज राहिलं असेल, तर तीही वर्षं तपासायला हवीत. त्या वर्षी एकूण व्याज माफीच्या आत असेल तर कदाचित कर निघणारही नाही.

दुरुस्ती दर वेळी खिशाला चाट लावते असंही नाही. एनआरओ ठेवीवर भारतात ३० टक्के आणि वर सेस कापला जातो. दोन देशांत १९९३ साली झालेल्या करारामुळे त्यातल्या १५ टक्क्यांपर्यंतची वजावट इथल्या करातून मिळू शकते. ती मागायची राहिली असेल, तर चार वर्षांपर्यंत मागता येते.

आता आपल्या देणगीच्या फॉर्मबद्दल. गिफ्ट एडच्या चौकटीत खूण केली की आपल्या १०० पौंडांवर ट्रस्टला सरकारकडून आणखी २५ पौंड मिळतात. ते आपण भरलेल्या करातून येतात. निवृत्तीनंतर अनेकांचा कर शून्यावर येतो, खूण मात्र जुनीच राहते. सर्व संस्थांना दिलेल्या देणग्यांवर मिळून जेवढं गिफ्ट एड घेतलं गेलं, तेवढा कर त्या वर्षी आपण भरलेला नसेल, तर फरक आपल्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणून कर भरणं थांबलं असेल तर कार्यालयात तेवढं सांगा. यात संकोच नको. खुणेशिवाय आलेली देणगीही ट्रस्टला तितकीच मोलाची आहे.

आणि हे एकट्याने करू नका. साठीच्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या मंडळींना 'टॅक्स हेल्प फॉर ओल्डर पीपल' ही सेवा विनामूल्य मदत करते. मोठ्या रकमा असतील तर जाणकार अकाउंटंटला विचारा. तरुण सदस्यांना एक विनंती आहे. महिन्यातला एक तास द्या. एखाद्या आजी-आजोबांशेजारी बसा, पाकिटं उघडा, वाचून दाखवा, बँकेचे कागद वर्षवार लावून द्या. ज्यांना ही मदत हवी आहे आणि ज्यांना ती द्यायची आहे, त्या दोघांनीही आपली नावं कार्यालयात नोंदवावीत.