मद्यपान आणि मानवी शरीर : एका व्यापाऱ्याचा हिशेब

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सप्त व्यसनांत मद्याची गणना आहे, हे आपण पाठशाळेपासून जाणतो. त्यावर मी बोलणे म्हणजे पंडितजींच्या अधिकारावर अतिक्रमण होईल. मी वैद्यही नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी. तेव्हा वाचनातून जे उमगले, ते जमाखर्चाच्या अंगाने मांडतो.

प्रथम मापाचा विचार करू. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे," हा युक्तिवाद लग्नाच्या संगीत-संध्येत अलीकडे माझ्या कानांवर वारंवार येतो. आपल्याकडील व्हिस्कीत सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत तो सुमारे २५ ग्रॅम भरतो, आणि ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बाटलीत ४० ग्रॅम. एक बाटली म्हणजे चार पेग! ताग्यावरचे लेबल बदलल्याने कापडाचा पन्हा बदलत नाही.

हा मद्यार्क अन्नासारखा पचावा लागत नाही. थोडा जठरातून व बराचसा लहान आतड्यातून तो थेट रक्तात उतरतो आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचतो. आधी तारतम्य सैल होते, मग वाणी व तोल. अतिरेक झाल्यास श्वसनकेंद्र मंदावून मृत्यूही ओढवतो.

निचऱ्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक काम यकृताकडे असते. यकृत मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड नामक विषारी द्रव्यात आणि नंतर निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. मात्र त्याची गती ठरलेली आहे : तासाला साधारण एक लहान पेग. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही ती वाढत नाही. रात्री अकरापर्यंत आठ पेग रिचवून निजलेला गृहस्थ पहाटे सहाला स्कूटर काढतो, तेव्हा त्याच्या रक्तात मागील बाकी शिल्लक असू शकते.

या कामात गुंतलेल्या यकृतात मेद साचू लागतो. या टप्प्यावर मद्य सोडल्यास काही आठवड्यांत यकृत बहुधा पूर्ववत होते. न सोडल्यास दाह आणि अखेर सिरॉसिस. तेथे पडलेले व्रण सहसा भरून येत नाहीत. दुर्दैव असे की यकृत फार उशिरापर्यंत तक्रार करीत नाही. मद्य कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नमूद केले. मुख, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आरोग्यास निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो. आपल्या समाजात कोणी पीत नाही, असे आपण सभेत म्हणतो आणि घरात झाकून ठेवतो. मग एखाद्या चातुर्मासात घरची मंडळी त्या गृहस्थास नियम घ्यायला लावतात. नियम वंदनीयच; परंतु वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबवल्यास काही तासांत हातांना कंप सुटतो, घाम फुटतो; पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात आणि पुढे भ्रमावस्था. वेळीच उपचार न झाल्यास हे प्राणावर बेतते. त्याला कोणी नाटक म्हणते, तर कोणी बाहेरची बाधा! वास्तविक औषधांनी व 'ब-१' जीवनसत्त्वाने हा काळ सुखरूप पार पाडता येतो. म्हणून नियम घ्यावा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि तेथे प्रमाण खरे सांगावे. दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेल्यावरही ते लपवू नये. हा धोका तिथेही असतोच.

पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्था हे काम करीत आल्या आहेत. विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे की, न्यासाच्या वैद्यकीय साहाय्यात व्यसनमुक्तीच्या उपचारांचाही समावेश व्हावा. अर्ज एकाच विश्वस्ताने पाहावा आणि अर्जदाराचे नाव अहवालात छापू नये. या कामी पहिली देणगी मी आजच कार्यालयात जमा करीत आहे.

जय जिनेंद्र!