मोरचूद आणि विळा



मी द्राक्षबागायतदार. शाळेतलं विज्ञान कामाला आलं का, असं विचाराल तर माझं उत्तर: धातूंची क्रियाशीलता श्रेणी. घोकलेली आठवते ना? लोखंड वर, तांबं खाली. म्हणून मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा टाकला की लोखंड दोन इलेक्ट्रॉन सोडतं आणि तांब्याचा आयन ते घेतो. सोडणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. निळा रंग फिकटतो, खिळ्यावर तांबूस थर बसतो. सरांनी परीक्षानळीत दाखवलं होतं तेच.

पावसाळी हवेत बागेवर केवडा येतो. त्यावर मी १ टक्का बोर्डो मिश्रण करतो: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. (फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली हे औषध पुढे आणलं.) बादली प्लास्टिकची. लोखंडी घेतली तर औषधातलं तांबं तिलाच चिकटतं.

खरी मेख चुन्यात. हवा लागलेला चुना वजनाला बरोबर भरला तरी कमी पडतो. मग मोकळं तांबं उरतं आणि फवारणीने कोवळी पानं करपतात, वर्षाची कमाई जाते. म्हणून फवारणीआधी घासलेला विळा थोडा वेळ मिश्रणात धरायचा. पात्यावर लाली आली, तर चुन्याची निवळी घालायची. पुन्हा विळा घासायचा, पुन्हा बुडवायचा. पातं कोरं निघाल्याशिवाय आमच्याकडे कुणी पंपाला हात लावत नाही.