राखणीला कुत्रं कोणत्या जातीचं घ्यावं?

(मेहरूण येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत कपाशीचं बोलणं झालं, दादरचं झालं, विजेचं झालं. शेवटी मागच्या रांगेतून एक जण उठला आणि म्हणाला, "भाऊ, भावाचं तुम्ही बघा; माझ्या बकऱ्यांची रात्री राखण कोण करेल ते सांगा. कुत्रं पाळायचं आहे. कोणत्या जातीचं घेऊ?" लोक हसले. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र हसू गेलं. कोरडवाहू शेतकऱ्याची बँक जिल्हा बँकेत नसते, गोठ्यात असते. कपाशी गेली तर पोरीची फी बकरी विकून भरली जाते. बैल गेला तर पेरणीच अडते. ज्याच्या दावणीला लग्नाच्या वरातीची घोडी आहे, त्याचं तर अख्खं साल तिच्या चार पायांवर उभं असतं. अशा घरातून एका रात्रीत चार बकऱ्या गेल्या तर त्याची भरपाई कोणत्याही हमीभावाने होत नाही. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आधी आमची स्वतःची फजिती सांगतो. आमच्यातल्या तिघांनी वर्गणी काढून एका विकणाऱ्याकडून अल्सेशियन पिल्लू आणलं. कागद दाखवला, बापाचा फोटो दाखवला, पैसे मोजून घेतले. कुत्रं देखणं निघालं. पोरांच्या अंगावर झोपायचं, पोस्टमनवर भुंकायचं, आणि रात्री बकऱ्यांकडे न जाता ओट्यावर येऊन बसायचं. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकला की ते दिवसभर रांजणाच्या सावलीतून उठायचं नाही. त्यात त्याचा काय दोष? त्याची जात मेंढरं वळवायला तयार झालेली, माणसाचा हुकूम ऐकून काम करणारी. आम्ही त्याला हुकमाशिवाय एकट्याने रात्र जागायला लावलं.

दुसऱ्याने कारवानी आणलं. कारवानी ही आपल्या दख्खनची जात, मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने नावारूपाला आणली म्हणून तिकडे तिला मुधोळ म्हणतात. २००५ साली पोस्टाने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. मेरठच्या लष्करी केंद्रातही ही कुत्री शिकवली गेली. अभिमान वाटावा अशी जात आहे. पण ती आहे नजरेने शिकार हेरून धावणारी. पळणारं काही दिसलं की तिचे पाय थांबत नाहीत. शिंगरू उधळलं की कारवानी त्याच्या मागे, आणि शिंगरू काटेरी तारेत. आमच्या माणसाच्या शिंगराला असेच टाके पडले. ससा पकडायला चांगलं असलेलं कुत्रं शिंगरू राखायला चांगलं असेलच असं नाही, आणि सशाची शिकार तर १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

म्हणजे कुत्र्याची कामं तीन. शिकार करणं, कळप वळवणं आणि कळपात राहून राखण करणं. पहिल्या दोन्हींत कुत्रं जनावराच्या मागे लागतं. तिसऱ्यात ते जनावरांतलंच एक होऊन जातं. आपल्याला हवं आहे ते तिसरं.

अशा राखणदार जाती जगात आहेत. तुर्कस्तानचं कंगाल आहे, मध्य आशियाचं अलाबाई आहे, आपल्याकडे हिमाचलात गद्दी धनगरांचं कुत्रं आहे. नामिबियात १९९४ पासून चित्त्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने शेतकऱ्यांना तुर्की जातीची पिल्लं वाटली. हेतू असा की बकऱ्या वाचल्या तर शेतकरी चित्त्याला गोळी घालणार नाही. काम चांगलं झालं. पण शेजारच्या बोट्स्वानात गावठी कुत्री घेऊन तोच प्रयोग केला, आणि त्यांनीही राखण नीट केली, कमी खर्चात केली. ही गोष्ट कुत्रं विकणारा आपल्याला सांगणार नाही.

शिवाय परदेशी जातीमागे सरकार कधी लागेल याचा नेम नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र धाडलं की तेवीस जाती 'हिंस्र' आहेत, त्यांची आयात, विक्री, पैदास बंद करा. त्यात कंगाल होतं, मध्य आशियाई होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. ज्याने त्याआधी हजारो रुपये मोजले होते त्याची झोप मधल्या काळात गेलीच असेल.

मग आपलं राखणदार कुत्रं कुठे आहे? ते आपल्याच वावरात येऊन जातं. पीक निघालं की साक्रीकडचे ठेलारी, धनगर मेंढरं घेऊन उतरतात. आपण खतासाठी वावरात मेंढरं बसवतो, त्याला धान्य देतो. त्यांच्या घोड्यांवर बिऱ्हाड असतं, खालून कुत्री चालतात. त्या कुत्र्यांकडे कधी नीट पाहिलं आहे का? रंग कसलाही, कान कसेही, कागद नाही. पण कोकरू पायात आलं तर कुत्रं पाय उचलतं, घोडी जवळून गेली तर हलत नाही, आणि रात्री वाघरीच्या बाहेर काही सळसळलं की सगळी एकदम उठतात. लांडग्याच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जे कुत्रं राखण करू शकलं नाही ते टिकलंच नाही. ही निवड कोणत्याही प्रदर्शनातल्या पंचांपेक्षा कडक आहे.

तर जात विचारू नका, आई विचारा. वाड्यात काम करणारी कुत्री व्याली असेल तर धनगराशी बोला, एक रात्र तिथे बसा, आईचं काम डोळ्यांनी बघा. पिल्लू घेताना फार धीट नको आणि कोपऱ्यात दडणारंही नको. फुकट मागू नका. त्याचीही ती पुंजी आहे.

पिल्लू आणलं की खरं काम सुरू होतं, आणि इथेच आपण चुकतो. दोन महिन्यांचं झालं की ते घरात नव्हे, बकऱ्यांत ठेवायचं. अमेरिकेत कॉपिंजर नावाच्या नवराबायकोने १९७० च्या दशकापासून शेकडो राखणदार कुत्री शेतकऱ्यांकडे देऊन पाहिली. पहिल्या चार महिन्यांत पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांनाच ते आपलं मानतं, असं त्यांचं सांगणं. हे नवं नाही. डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेत फिरत होता. तिथले मेंढपाळ पिल्लाला आईपासून तोडून दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला पाजत, लोकरीचं अंथरूण करून वाड्यातच ठेवत, इतर कुत्र्यांत आणि पोरांत मिसळू देत नसत, आणि त्याचं खच्चीकरण करत. असं कुत्रं कळप सोडून जात नसे.

आपण मेंढीला पाजायची गरज नाही. एका कोपऱ्यात आडवी बल्ली लावून पिल्लाला शिरता येईल आणि बकरीला येणार नाही अशी जागा करा, नाहीतर एखादी बकरी त्याला ढुशा देऊन घाबरवून टाकेल. खाणं तिथेच द्या, भाकरी-ताक, कधी अंडं. रोज हात लावा, म्हणजे पकडता येईल, पण पोरांचं खेळणं करू नका. सहा महिन्यांचं झालं की ते करडांशी दांडगाई करेल, कान ओढेल. त्याच वेळी दरडावायचं, लांब दोरीवर ठेवायचं. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या भरवशावर निजू नका. घोडीची ओळख ती बांधलेली असताना करून द्या, आणि नुकत्याच व्यालेल्या घोडीजवळ पिल्लू सोडू नका. तिची एक लाथ पुरते.

आता बिबट्याचं. इथे खोटा धीर देणार नाही. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, ते आपण विसरलेलो नाही. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, बकऱ्यांचा ११ टक्के. म्हणजे एकटं बांधलेलं कुत्रं ही बिबट्यासाठी राखण नाही, ताट आहे. ज्याच्याकडे बिबट्या फिरतो त्याने दोन-तीन कुत्री ठेवावीत, साखळीला बांधू नयेत, लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करून घ्यावा. हिमालयातले मेंढपाळ लोखंडी पट्टा घालतात तो याचसाठी. आणि बकऱ्या छप्पर व दार असलेल्या गोठ्यातच कोंडाव्यात. कुत्र्याचं काम तुम्हाला उठवणं आहे, बिबट्याशी लढणं नाही.

मेहरूणसारख्या ठिकाणी धोका वेगळा आहे. हे एकेकाळचं बोरांचं गाव, आता जळगाव शहरात गेलं. शहराच्या कडेला उकिरड्यावर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या बकऱ्या फाडतात. लांडगा कधीमधी येतो, ही रोज असतात. आपलं कुत्रं मोकळं सुटून त्या टोळीत गेलं तर तेही तेच शिकेल. म्हणून नर असेल तर खच्ची करून घ्या. राखण कमी होत नाही, भटकणं कमी होतं.

दोन गोष्टी दवाखान्याच्या. पिसाळीची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी, चुकवायची नाही. माणसाला हा रोग एकदा दिसू लागला की वाचत नाही. कोणाला चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि लगेच लस घ्या. दुसरी, बकरं कापल्यावर कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्याला टाकू नका. त्यातून कुत्र्याला जंत होतो आणि तो आपल्या पोरांच्या पोटात जाऊन काळजात गाठी करतो. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर पाजा.

आणि इतकं करूनही जनावर गेलंच, तर लांडग्याला, बिबट्याला विष घालू नका. तो गुन्हा आहे, आणि विष आधी आपलंच कुत्रं खाईल. मेलेलं जनावर जागचं हलवू नका, ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत हातात आल्याशिवाय सही करू नका. प्रत नाही म्हणाले तर आम्हाला बोलवा, आम्ही दहा जण येऊन बसतो.