परदेशी सासर आणि कागदांची शिदोरी

बडोद्याच्या जुन्या शहराला चार दिशांना चार दरवाजे. मांडवीपासून पूर्वेकडे निघाले म्हणजे पाणीगेट लागते. या बाजूच्या मराठी घरांतील लेकी पूर्वी सासरी जात त्या पुण्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस. फार तर मुंबईस. आता एखाद्या घरची लेक न्यू जर्सीस किंवा टेक्सासास जाते. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत कायमच्या वास्तव्यासाठी भारतीयांना वर्षाकाठी अवघ्या शंभर जागा मिळत. १९६५ च्या कायद्याने ही देशवार वाटणी मोडली आणि सातासमुद्रापलीकडचे सासर मध्यमवर्गीय घराच्याही आवाक्यात आले.

असे स्थळ सांगून आले म्हणजे घरात सोन्याचे तोळे मोजले जातात, साड्यांचे दिंड बांधले जातात, लोणच्या-पापडाचे डबे भरले जातात. कागदपत्रांचे मात्र ‘ते जावईबापू पाहतील’ किंवा ‘दलाल करील’ असे म्हणून सोडून देण्यात येते. येथेच चूक होते. परक्या देशात वधूला आधार असतो तो तिच्या कागदांचा. आणि ते कागद तिला स्वतःला वाचता आले नाहीत, तर तो आधार दुसऱ्याच्या हाती राहतो.

सोयरीक जुळवितानाच वधूपित्याने एक प्रश्न निःसंकोच विचारावा: वर तेथे कोणत्या दर्जाने राहतो? तो अमेरिकेचा नागरिक असेल, तर त्याच्या पत्नीसाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अर्जाची छाननी होण्यास लागेल तेवढाच काळ जातो. तो केवळ कायम रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक असेल, तर पत्नीचा क्रम दरवर्षी ठरलेल्या संख्येत लागतो आणि वाट पाहावी लागू शकते. तो नोकरीच्या मुदती परवान्यावर असेल, तर पत्नीलाही त्याच्या आश्रयाने मुदती परवानाच मिळतो; कायम वास्तव्य ही पुढची गोष्ट. ‘अमेरिकेत असतो’ या दोन शब्दांत हे तिन्ही प्रकार झाकले जातात, म्हणून उत्तर तोंडी न घेता कागदावर पाहावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. पत्रिका पाहिली जाते, तसा दर्जाही पाहिला जावा.

दुसरी गोष्ट विवाहनोंदणीची. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले आणि त्याच वर्षी गुजरातने त्यासाठी कायदा केला. मंगलाष्टके आणि सप्तपदी यांनी धर्मदृष्ट्या लग्न लागते. परदेशी अधिकाऱ्यापुढे मात्र नोंदणीचा दाखलाच बोलतो. पतीने पत्नीसाठी करावयाच्या आय-१३० या मूळ अर्जास हाच दाखला जोडावा लागतो. तो गुजरातीत असेल, तर इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे प्रमाणपत्र सोबत हवे.

परंतु खरी अडचण येते ती नावांची. महाराष्ट्रीय घरांत लग्नाच्या दिवशी तांदुळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल आहे. माहेरची एक मुलगी सासरी दुसऱ्याच नावाने वावरू लागते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, आडनावही बदलते. तशात गुजरातच्या शाळांच्या दाखल्यांवर आडनाव आधी आणि नाव नंतर लिहिलेले आढळते. जुन्या जन्मदाखल्यांत तर कित्येकदा मुलाच्या नावाची जागाच कोरी असते. ‘लक्ष्मी’ हे नाव इंग्रजीत कोणी ‘एक्स’ने लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ने. घरच्या माणसांना यात काहीच गैर दिसत नाही. वधूला कधीही न पाहिलेल्या अधिकाऱ्याला मात्र चार कागदांवर चार निरनिराळ्या स्त्रिया दिसतात.

यावर उपाय अवघड नाही. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला हे चार कागद अर्जापूर्वी एका ओळीत मांडून अक्षरशः ताडून पाहावेत. जन्मदाखल्यात नाव नसेल, तर महानगरपालिकेकडून ते भरून घ्यावे. लग्नानंतर पासपोर्टावरील नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. म्हणून अर्ज चालू असेपर्यंत नाव न बदलणे हेच शहाणपणाचे. तांदुळात लिहिलेले नाव घरात कौतुकाने हाक मारण्यास ठेवावे. ते कोठे कागदावर उतरलेच असेल, तर अर्जात ‘पूर्वी वापरलेली अन्य नावे’ असा रकाना असतो, त्यात ते प्रांजळपणे लिहावे. लपविलेले नाव संशय वाढविते. सांगितलेले नाव तो फेडते.

अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे शुल्क भरून वधूने डीएस-२६० हा अर्ज करावयाचा, जन्म-विवाहाचे दाखले आणि पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळणारा पोलिसांचा दाखला द्यावयाचा असतो. पतीने आय-८६४ हे निर्वाहाचे हमीपत्र द्यावे लागते. त्याचे उत्पन्न सामान्यतः तेथील सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के तरी असले पाहिजे. ते कमी पडल्यास दुसरा जामीनदार चालतो. या हमीपत्राची एक प्रत वधूने अवश्य जवळ ठेवावी, कारण घटस्फोटाने ही हमी संपत नाही. पत्नी नागरिक होईपर्यंत किंवा कायद्याने सांगितलेला कामाचा काळ भरेपर्यंत, जो साधारण दहा वर्षांचा आहे, ती सामान्यतः टिकते.

नंतर नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. तेथे विचारले जाणारे प्रश्न साधे असतात: ओळख कशी झाली, लग्नास कोण आले होते, पती काय काम करतो. उत्तरे पाठ करू नयेत; पाठ केलेले उत्तर पहिल्याच उपप्रश्नाला अडखळते. लग्नपत्रिका, समारंभाची छायाचित्रे, उभयतांचा पत्रव्यवहार, भेटींच्या प्रवासाची तिकिटे ही लग्नाच्या दिवसापासूनच जपून ठेवावीत. खोट्या लग्नाला तेथे क्षमा नाही. तो गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि एकदा तसा ठपका बसला की पुढे खरे लग्न झाले तरी त्यावरून केलेला अर्ज मंजूर होत नाही. एखाद्या दलालाने ‘एवढे एक खोटे चालते’ असे सांगितले, तर त्या खोट्याखाली सही वधूची असते, दलालाची नव्हे.

१९८६ च्या कायद्याने आणखी एक अट घातली, आणि पुष्कळ मुली फसतात त्या येथेच. अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारे वास्तव्य सशर्त, दोन वर्षांचेच असते. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावा लागतो. तो चुकला तर वास्तव्याचा हक्कच धोक्यात येतो. ही तारीख वधूने स्वतः लिहून ठेवावी आणि माहेरीही कळवावी.

कारण ‘अर्जावर सही करणार नाही’ ही धमकी कित्येक घरांत स्त्रीला गप्प बसविण्यासाठी वापरली जाते. अशा स्त्रीने एक गोष्ट जाणून घ्यावी: लग्न खरेपणाने झाले होते पण मोडले, किंवा पतीने छळ केला, तर हा अर्ज तिला एकटीलाही करता येतो. सशर्त वास्तव्यही मिळण्यापूर्वी छळ झाला असेल, तर १९९४ च्या कायद्यान्वये पतीच्या सहीवाचून ती स्वतःच मूळ अर्ज करू शकते. परदेशस्थ भारतीयांशी झालेल्या विवाहांतील तक्रारींसाठी आपल्या राष्ट्रीय महिला आयोगाने २००९ साली स्वतंत्र कक्ष उघडला आहे.

बडोद्याला हा विचार नवा नाही. याच शहरातून सयाजीराव महाराजांच्या राज्याने १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध केला आणि १९३१ साली हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग मोकळा केला. लग्न पवित्र असले, तरी त्यात स्त्रीला कायद्याचा आधार हवा, हे येथे तेव्हाच ओळखले गेले.

म्हणून पाणीगेटच्या घरातून लेक निघेल तेव्हा दागिन्यांच्या डब्याशेजारी सर्व कागदांच्या प्रतींची एक थैली असावी आणि तिची दुसरी जोडी आईच्या कपाटात राहावी. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड कोणाच्याही स्वाधीन न करता लेकीने आपल्याजवळच ठेवावे. संसार सुखाचा झाला, तर ती थैली कधी उघडावीही लागणार नाही. पण ती आपल्या हाती आहे, एवढ्या जाणिवेनेही परक्या देशात पाऊल निर्भयपणे पडते.