सुंबा धरणारा हात

लोहारशाळेत पाऊल टाकणाऱ्याचे लक्ष प्रथम भात्याकडे जाते, मग निखाऱ्यांकडे आणि नंतर ऐरणीवर पडणाऱ्या घावांकडे. हातोडा उचलणारा उजवा हात साहजिकच कौतुकाचा विषय होतो. डावा हात मात्र बहुधा नजरेआड राहतो. वस्तुतः घाव कोठे बसावा हे डावा हातच ठरवतो, आणि घाव चुकला तर तो सोसावा लागतो तोही त्यालाच. हलक्या ठोककामासाठी हत्यार निवडताना या डाव्या हाताचा विचार आधी केला पाहिजे.

ठोकण्याच्या कामाचे दोन प्रकार आहेत. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट भांड्याचे मठारकाम करतो, तेव्हा त्याचा हातोडा तांब्याला थेट स्पर्श करतो. परंतु लोखंडाच्या पट्टीला भोक पाडायचे, पत्र्यावर खूण करायची किंवा एखाद्या भागावर अंक उमटवायचा, तर हातोड्याचे रुंद तोंड उपयोगी पडत नाही. तेथे हातोडा आणि काम यांच्यामध्ये एक मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे सुंबा. कारखान्यांतून त्यालाच पंच म्हणतात. हातोड्याचा पसरट घाव एका बिंदूवर आणून पोचवणे, एवढेच त्याचे काम. कोणत्याही मध्यस्थाप्रमाणे तो सरळ उभा असला तर काम साधते. कलला तर दोन्ही पक्षांचे नुकसान होते.

जड कामात हा मध्यस्थ एकाने धरायचा आणि घाव दुसऱ्याने घालायचा, अशी वाटणी असते. महाराष्ट्रातील घिसाडी आणि राजस्थानातील गाडिया लोहार यांच्या कामात हे दृश्य दिसते. पुरुष बसून लोखंड आणि हत्यार धरतो, आणि त्याची घरधनीण उभी राहून घण घालते. धरणाऱ्याचा घालणाऱ्यावर केवढा विश्वास असावा लागतो! अशा कामासाठीच सुंब्याला आडवा लाकडी दांडा असतो. दांड्यामुळे धरणारा घणाच्या वाटेतून बाजूला राहतो आणि तापलेल्या लोखंडाची धगही त्याच्या हातापर्यंत पोचत नाही.

हलक्या कामात मात्र धरणारा आणि घालणारा एकच असतो. अर्धा ते एक किलो वजनाचा हातोडा उजव्या हातात आणि सुंबा डाव्या हातात. अशा वेळी पुष्कळ जण समजतात की दांड्याचा सुंबा जितका दणकट तितका बरा. ही समजूत बरोबर नाही. हलका हातोडा जड सुंब्यावर आदळला की तो उसळून मागे येतो, आणि त्याच्या घावाचा मोठा भाग कामापर्यंत पोचतच नाही. उजवा हात थकतो आणि भोक मात्र जेथल्या तेथे राहते. म्हणून सुंब्याचे वजन हातोड्याहून कमी असावे, हा पहिला नियम. घणासाठी घडवलेला सुंबा हातोड्याच्या कामात उपयोगाचा नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. तापलेल्या लोखंडाला भोक पाडताना कारागीर प्रथम एका बाजूने तीन-चार घाव घालतो, सुंबा उचलून पाण्यात बुडवतो आणि पुन्हा लावतो. भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकली की सुंबा आत चिकटत नाही. खालच्या बाजूला सुंब्याचे टोक जाणवू लागले की पट्टी उलटायची. थंड ऐरणीला टेकून जेथे काळसर वर्तुळ उमटलेले असते, तेथेच सुंबा लावायचा आणि ऐरणीच्या भोकावर धरून उरलेली चकती पाडायची. या सर्व खटाटोपात सुंबा वारंवार उचलावा, बुडवावा आणि अचूक जागी ठेवावा लागतो. म्हणून तो हाताळायला सुटसुटीत हवा. पट्टी लहान असेल आणि भोक बारीक असेल, तर पंचवीस-तीस सेंटीमीटर लांबीचा साधा सुंबाही पुरतो. त्याची लांबी हीच त्याची मूठ. काम मोठे असेल आणि हात बराच वेळ धगीवर राहणार असेल, तर मात्र दांडा हवाच.

दांड्याचेही एक शास्त्र आहे. कुऱ्हाडीचा किंवा हातोड्याचा दांडा पाचर मारून घट्ट बसवतात, कारण ती हत्यारे हवेत फिरवायची असतात. सुंबा फिरवायचा नसतो. त्याच्यावर घाव झेलायचे असतात. त्याचा दांडा पाचर मारून आवळला तर प्रत्येक घावाचा हादरा थेट मनगटात उतरतो. म्हणून जाणता लोहार तो दांडा बेताचाच घट्ट ठेवतो. लाकूड बाभळीसारखे चिवट असावे आणि त्याचे रेषे लांबीच्या दिशेने सरळ जाणारे असावेत. चीर दिसताच दांडा बदलावा. सुतळी गुंडाळून वेळ मारून नेणे म्हणजे स्वतःच्या बोटांशी जुगार खेळणे होय.

दांड्याला पर्याय म्हणजे सुंबा पकडण्याचे साधन. त्याचे अगदी साधे रूप म्हणजे सुंब्याच्या अंगावरील खाचेभोवती वेढलेली लोखंडी सळई. सळईची दोन्ही टोके एकत्र पिळली की मूठ तयार होते. सळई लवचीक असल्याने हादरा वाटेतच जिरतो. दुसरे रूप सांडशीचे. तिच्या जबड्यांत पन्हळ असली की गोल सुंबा सरकत नाही, आणि मुठींवर कडी चढवली की हाताला सतत आवळून धरावे लागत नाही. कारखान्यांतून स्प्रिंगची किंवा स्क्रूने आवळण्याची पकडही मिळते. या साधनांचा मोठा लाभ असा की एकाच मुठीत अनेक सुंबे आलटून पालटून बसवता येतात. उणीव अशी की पकड हळूहळू सैल होते आणि ते ध्यानात येत नाही. म्हणून दर वेळी पहिला घाव घालण्यापूर्वी सुंबा हाताने हलवून पाहावा.

थंड कामाची गोष्ट निराळी आहे. भोक पाडण्यापूर्वी खूण करणारा सेंटर पंच बोटांच्या चिमटीतच धरणे इष्ट. त्याचे टोक साधारणपणे 90 अंशांचे असते. करंगळी कामावर टेकवली की हाताला आधार मिळतो आणि पंच सरळ उभा आहे की नाही हे बोटांनाच कळते. आडव्या दांड्याने ही जाणीव बोथट होते. मात्र अक्षरांचे आणि अंकांचे ठसे ओळीने उमटवायचे असतील, तर ते बोटांत धरण्यापेक्षा पकडीत बसवलेले बरे. ठसे आखूड असतात, त्यामुळे बोटे हातोड्याच्या फार जवळ येतात. शिवाय पकडीमुळे ओळही वाकडी होत नाही.

सुंब्याच्या पोलादाला पाणी देतानाही विवेक हवा. थंड कामाच्या सुंब्याचे टोक कठीण असावे, डोके मात्र नरम. डोकेही कठीण ठेवले तर हातोड्याखाली त्याच्या कपच्या उडतात. नरम डोके हळूहळू पसरते आणि त्याला छत्रीसारखी कड येते. हीसुद्धा धोक्याची सूचना समजावी, कारण त्या कडेचा तुकडा उडाला तर तो डोळ्याचा वेध घेतो. कड दिसू लागताच ती सहाणेच्या चाकावर घासून काढावी, आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हातोडा उचलू नये. 1948 च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी 35 वे कलम घालण्यात आले होते. परंतु अंगणात किंवा दुकानाच्या ओट्यावर बसून काम करणाऱ्या एकट्या कारागिराजवळ कोणी निरीक्षक येत नाही. त्याचे निरीक्षण त्यालाच करावे लागते.

तात्पर्य, सुंबा विकत घेताना किंवा घडवून घेताना चार प्रश्न विचारावेत. काम गरम की थंड? हातोडा किती वजनाचा? घाव एकच की अनेक? आणि नेमकेपणा किती हवा? थंड आणि नेमक्या कामाला बोटांची चिमूट, गरम व किरकोळ कामाला लांब सुंबा, गरम व दीर्घ कामाला दांडा किंवा सळईची मूठ, आणि एकसारख्या ठशांना पकड, असे याचे सामान्य उत्तर आहे.

वृद्ध कारागिराच्या डाव्या हाताकडे कधी पाहावे. एखादे नख काळे, एखादे बोट किंचित वाकडे, कोठे जुना व्रण. प्रत्येक कसबाची शिकवणी आजवर अशाच खुणांनी दिली गेली आहे. या खुणांचा आदर अवश्य करावा. परंतु पुढच्या पिढीने त्या पुन्हा गोंदवून घ्याव्यात, असे काही नाही. वडिलांनी मुलाच्या हाती हातोडा देण्याआधी योग्य मुठीचा सुंबा द्यावा. घाव घालायला तो यथावकाश शिकेलच.